तपासणीआधीचे आठ दिवस



यंदा दशलक्षण पर्वात मी इथे काहीच लिहिलं नाही. बस्तीत दोघी-तिघींनी विचारलंही, "पारण्याच्या पदार्थांचं या वेळी काही आलं नाही?" मी "वेळच झाला नाही" म्हणून हसून वेळ मारून नेली. खरं कारण आज सांगते. सांगावं की नाही यावर चार दिवस विचार केला. शेवटी वाटलं, आपण बायका भाजणीचं प्रमाण एकमेकींना सांगतो, गुडघेदुखीवरचं तेल सांगतो, पण ब्लाउजच्या आतली गोष्ट आली की गप्प होतो. त्या गप्प बसण्याने आमच्या घरातलं एक माणूस गेलं आहे.

उत्तम सत्याच्या दिवशी पहाटे पूजेला जायचं म्हणून घाईने आंघोळ करत होते. साबण लावताना डाव्या बाजूला, काखेच्या अंगाला, बोटाखाली काहीतरी लागलं. भिजवलेल्या हरभऱ्याएवढं. दाबलं तर दुखलं नाही. पुन्हा चाचपलं. होतंच. बाहेरून आईंचा आवाज आला, "अगं, आवर की, अष्टद्रव्य अजून धुवायचंय." मी पूजेची साडी नेसले, तांदूळ धुतले, ताट भरलं आणि बस्तीत जाऊन बसले. त्या दिवशी प्रवचन अर्थातच सत्यावर होतं. दीड तास ऐकलं आणि घरी येऊन कुणाला एक अक्षर बोलले नाही.

पर्वात कुठे हे काढायचं, असं स्वतःला सांगितलं. यांचे उपवास चालू होते, मुलीची सहामाही जवळ आली होती, आईंना रक्तदाब. कारणं भरपूर होती. अनंत चतुर्दशीचा उपवास मी केला. दरवर्षी दुपारनंतर डोकं चढतं, या वेळी भुकेची आठवणसुद्धा झाली नाही. सगळ्या म्हणाल्या, "यंदा तुझा उपवास किती शांत झाला." मी मान हलवली. ते तप नव्हतं, भीती होती.

माझी थोरली मावशी अशाच एका गाठीने गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. तिने वर्षभर कुणाला सांगितलं नाही. पुरुष डॉक्टरांना कसं दाखवायचं, सुनेला कसं सांगायचं, सोवळ्यात अडचण येईल, लेकीच्या लग्नात विघ्न नको. शेवटी जखम झाली आणि वास यायला लागला तेव्हा घरच्यांना कळलं. ती खूप धार्मिक होती. बस्तीतल्या बायका तिला अजून नावाजतात, "एवढं सोसलं, पण तोंडातून शब्द नाही काढला." लहानपणी मलाही त्यात मोठेपणा वाटायचा. आता त्या पहाटेनंतर मी तिच्याच वाटेने चालले होते, हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला.

क्षमावणीच्या दिवशी लक्षात आलं. बस्तीत सगळ्यांना हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणत होते. घरी येऊन आईंच्या पाया पडले, यांच्यासमोर हात जोडले, आणि रडूच कोसळलं. हे घाबरले. मग सांगितलं. हे दोन मिनिटं काही बोलले नाहीत, फक्त "किती दिवस झाले?" एवढं विचारलं. आई मात्र चिडल्या. "आठवडाभर एकटीनं गिळत बसलीस? आम्ही काय परके?" म्हणाल्या आणि मग माझ्याजवळ बसून राहिल्या. रागावल्या ते बरं झालं. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मिरजेला एका रुग्णालयात फोन केला. स्तनांच्या आजाराचे डॉक्टर गुरुवारीच बसतात, म्हणजे मध्ये आठ दिवस. फोनवरच्या बाईंनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली. पाळीच्या आधी काहीजणींच्या स्तनात गाठी जाणवतात, दुखतात आणि नंतर ओसरतात, म्हणून हाताने तपासायला पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाचा काळ बरा असतो, असं त्या म्हणाल्या. पण नवीन गाठ लागली असेल तर तारखा मोजत महिना घालवू नका, हेही त्यांनी बजावलं.

आता खरी परीक्षा त्या आठ दिवसांची होती. सांगायचं आहे ते त्याचंच.

पहिले दोन दिवस मी मोबाइल सोडला नाही. रात्री सगळे झोपले की अंथरुणात गूगल. एक पान वाचलं की जीव भांड्यात पडायचा, दुसरं वाचलं की घशाला कोरड. अडीच वाजेपर्यंत मी मरून, मुलीचं लग्न माझ्या फोटोसमोर लागून, यांनी दुसरं लग्न करायचं की नाही इथपर्यंत पोहोचलेली असायचे. आणि हात सारखा तिथे. भाजी चिरताना, टीव्हीसमोर, बस्तीत जाप करतानासुद्धा पदराखाली बोट गाठीवर. दिवसातून तीस वेळा तरी दाबत असेन. दाबून दाबून तिथे दुखायला लागलं, आणि दुखतंय म्हणून आणखी भीती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी गाळत होते. गाळणं उलटून जीवाणी परत सोडताना एकदम विचार आला, मी पाण्यातला दिसत नसलेला जीव जपते आणि स्वतःच्या जीवाला असं रात्रभर पिळून काढते, हे कसं? बारीक विचार होता, पण त्याने मला थांबवलं. स्वाध्यायात ऐकलेलं आर्तध्यान आठवलं. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्याचे चार प्रकार येतात. नकोसं जवळ आलं म्हणून झुरणं, हवंसं दूर गेलं म्हणून झुरणं, वेदनेचंच चिंतन करत राहणं, आणि पुढच्या भोगाची इच्छा धरून बसणं, म्हणजे निदान. परीक्षेला पाठ करावं तसं मी हे कितीदा पाठ केलं होतं. तिसरा प्रकार माझ्यावरच लिहिलाय हे त्या सकाळी कळलं. त्यातही माझी कमाल अशी की वेदना अजून आलेलीच नव्हती, मी उधार आणून चिंतन करत होते.

मग मी काय केलं ते सांगते. यात विद्वत्ता काही नाही, आपण रोज जे करतो तेच वापरलं.

पहिली गोष्ट, नियम घेतला. आपल्याला नियमाची सवय आहे. रात्री जेवत नाही म्हटलं की ताटात पक्वान्न असलं तरी हात जात नाही, कारण तो प्रश्न आपण आधीच मिटवलेला असतो. तसं भगवंतासमोर उभं राहून गुरुवारपर्यंतचा नियम घेतला: सूर्यास्तानंतर मोबाइलवर आजाराचं काही वाचायचं नाही, आणि गाठीला हात लावायचा नाही. मोबाइल रात्री आईंच्या खोलीत. पहिल्या रात्री फार तडफड झाली. दुसऱ्या रात्री कमी. नियम एकदा मोडला, खोटं सांगत नाही. पहाटे साडेतीनला हात गेलाच. सकाळी पुन्हा घेतला.

दुसरी गोष्ट, कायोत्सर्ग. सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटं बसायचा प्रयत्न केला, पण मन जागेवर राहीना. बारा भावना वाचायला घेतल्या तर अनित्य आणि अशरण भावनेशीच अडकले आणि जास्त घाबरले. एरवी ज्या भावनेने मन हलकं होतं, तीच रात्री दोन वाजता अंगावर येते. म्हणून ते बाजूला ठेवलं. नऊ णमोकारांचा साधा कायोत्सर्ग घेतला. आपल्याकडे एक णमोकार तीन श्वासोच्छ्वासांत म्हणायची रीत आहे, नऊ वेळा म्हणजे सत्तावीस श्वास. लहानपणापासून मी तो भराभर उरकत आले, नऊ णमोकार एका मिनिटात. या वेळी खरोखर श्वास मोजून केला. श्वास घेताना पहिलं पद, सोडताना पुढचं, असं सावकाश. पाचव्या-सहाव्या णमोकाराला छातीतली धडधड खाली यायची. भीती जायची नाही, पण अंगातून उतरायची. दिवसातून पाच-सहा वेळा केला, एकदा तर गॅसजवळ उभ्यानेच.

तिसरी गोष्ट मला आमच्या मुलीने शिकवली. ती सोळा वर्षांची आहे, पाठशाळेत जाते. तिला आम्ही थोडक्यात सांगितलं होतं. एका संध्याकाळी मी म्हणाले, "मला माहितीये, ते तेच असणार." ती म्हणाली, "मम्मी, हा एकांत झाला." मी बघतच राहिले. पाठशाळेत स्याद्वाद शिकवतात तो तिने तिथे लावला. "आहे पण म्हणू नको, नाही पण म्हणू नको. रिपोर्ट येईपर्यंत अवक्तव्य." रात्री मी "कॅन्सरच आहे" असं धरून बसायचे, सकाळी "काही नाही, दुधाची गाठ असेल" म्हणून तपासणीच रद्द करावी असं वाटायचं. दोन्ही एकांतच. मावशीने दुसरा एकांत धरला आणि वर्ष घालवलं. "अजून कळलेलं नाही" एवढंच त्या दिवसाचं सत्य होतं, आणि त्या सत्यात बसणं सगळ्यात अवघड.

नवसाचंही सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी केला नाही असं होणार नाही. "गाठ साधी निघू दे, कुंभोजच्या बाहुबलीला एकशे आठ कलशांचा अभिषेक करीन." मनात म्हणून झालं आणि मग लाज वाटली. आपला भगवंत वीतराग. तो कुणाचं घेत नाही, देत नाही, मी कुणाशी सौदा करत होते? पण मन तरी कुठे ठेवायचं? शेवटी मी नवसाची अट तेवढी काढून टाकली. रिपोर्ट कसाही येवो, बाहुबलीला जायचं. मग ती भक्ती झाली, आणि मला एक ठरलेला दिवस मिळाला ज्याच्याकडे बघता येत होतं.

या दिवसांत दोन वाक्यं जिव्हारी लागली. एक ओळखीची बाई सहज म्हणाली, "मागच्या जन्माचं काहीतरी असेल, भोगून संपवायचं." तिने वाईट हेतूने म्हटलं नाही. असाता वेदनीय कर्माचा उदय मीही मानते. पण कर्मसिद्धांत आपल्याला स्वतःकडे बघायला दिला आहे, दुसऱ्याच्या आजारावर शिक्का मारायला नव्हे. आणि त्याच शास्त्रात पुरुषार्थही आहे. दुसरीने विचारलं, "औषधपाणी, चिरफाड, हे सगळं देहासाठी कशाला? देह तर जाणारच." तिला मी तिथे उत्तर दिलं नाही, इथे देते. आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, ज्ञान आणि अभय. औषध देणारा पुण्य करत असेल, तर औषध घेणारी दुबळी कशी ठरेल? सल्लेखना हा साधनेचा शेवट आहे, डॉक्टरांकडे जायची लाज वाटते म्हणून गप्प बसणं ही सल्लेखना नव्हे. मावशीला हे कुणी सांगायला हवं होतं.

चौथी गोष्ट अगदी घरगुती. वहीच्या मागच्या पानावर डॉक्टरांसाठी यादी केली. गाठ कधी लागली, तेव्हापासून वाढली का, पाळीची तारीख, चालू गोळ्या, घरात कुणाला हा आजार झाला होता का, कोणत्या वयात. मावशीचं वय आठवेना म्हणून मामेबहिणीला फोन केला. तिने हळूच सांगितलं, "मीपण दोन वर्षांपूर्वी दाखवून आले. कुणाला सांगितलं नव्हतं." दोन वर्षं! आम्ही लग्नकार्यात चार वेळा भेटलो होतो त्यात. भीती कागदावर आली की ती प्रश्न होते, आणि प्रश्नाला कुणीतरी उत्तर देऊ शकतं.

गुरुवार आला. मला वाटलं होतं उपाशीपोटी जायचं. फोनवरच कळलं की मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीसाठी उपाशी राहायची गरज नसते, फक्त काखेत पावडर किंवा अत्तर लावून यायचं नाही, कारण त्याचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसू शकतात. वरचा कपडा वेगळा काढता येईल असा घालावा, म्हणून साडीऐवजी सलवार-कुर्ता. पोहे खाल्ले, देवदर्शन केलं, निघालो. अंकलीच्या पुलावरून जाताना कृष्णा दुथडी वाहत होती. यांनी गाडी हळू केली. मी सत्तावीस श्वास मोजले.

डॉक्टर पुरुषच होते. मी आधीच सांगितलं की सोबत नर्स हवी. ते म्हणाले, "नर्स असतेच, आणि तुमच्या सासूबाई आत आल्या तरी चालेल." आई आत आल्या, भिंतीकडे तोंड करून जपमाळ ओढत बसल्या. तपासणी पाच मिनिटांची. मग मॅमोग्राफी. दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, कळ येते, पण काही सेकंदच. मॅमोग्राफीला बाईच होत्या. त्यानंतर सोनोग्राफी.

डॉक्टरांनी नीट सांगितलं. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. काही पाण्याच्या असतात, काही फायब्रोअॅडेनोमासारख्या साध्या. पण हात लावून कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तीन पायऱ्या करतात: हाताने तपासणी, मग फोटो, आणि गरज वाटली तर सुईने तुकडा काढून तपासणी. माझं वय चव्वेचाळीस, गाठ नवीन आणि भरीव, म्हणून सुई करू म्हणाले. आईंनी लगेच विचारलं, "सुई लावली की पसरतं म्हणतात ते?" डॉक्टर म्हणाले, "नाही आजी, त्या भीतीनं बायका उशिरा येतात, आणि पसरतं ते उशिरानं." जागा बधिर करून तुकडे घेतले. खटका वाजतो त्याने दचकायला झालं, दुखलं मात्र थोडंच.

मी दुखत नाही म्हणून घाबरले होते आणि नंतर दुखतं म्हणून. त्यांनी सांगितलं की दुखण्यावरून काही ठरत नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि नुसतं दुखणं बहुतेक वेळा साधं असतं. गाठ टणक आणि हलत नसलेली, कातडीला खळी, स्तनाग्र नव्याने आत ओढलेलं, त्यातून रक्तासारखा स्राव, काखेत गाठ, यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही.

अजून एक गोष्ट त्यांच्याकडून कळली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं, वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटाची, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासणी झालेल्यांमध्ये आजार लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. मोठं यंत्र नाही, शिकलेला हात. मला मावशीचं वर्ष आठवलं.

रिपोर्टला पाच दिवस लागले. ते पाच दिवस आधीच्या आठांपेक्षा सोपे नव्हते, पण नियम हाताशी होता. रिपोर्ट साधा आला, फायब्रोअॅडेनोमा. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बघायची आहे, म्हणजे चैत्राच्या आसपास ही वही पुन्हा उघडेल.

साधा आला म्हणून मी हे लिहिलं असं समजू नका. तीन ओळी मी सुई झाल्याच्या रात्रीच लिहून ठेवल्या होत्या, कारण रिपोर्ट वेगळा आला असता तरी गुरुवारी जाणं बरोबरच ठरलं असतं. माझ्या मामेबहिणीच्या ओळखीत एकीचा रिपोर्ट वेगळा आला होता. तिचे उपचार झाले, गेल्या पर्वात तिने एकासनं केली.

मागच्या रविवारी आम्ही बाहुबलीला जाऊन आलो. आई गुडघे दुखत असूनही टेकडी चढल्या. वर पोहोचल्यावर मी मावशीच्या नावाने एक णमोकार म्हटला, तीन श्वासांत.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. या महिन्यात पाळी सुरू झाल्यापासून आठव्या-नवव्या दिवशी आंघोळीच्या वेळी पाच मिनिटं स्वतःसाठी काढा. काही वेगळं लागलं, तर त्याच संध्याकाळी घरात एका माणसाला सांगा. सासूला सांगा, नणंदेला सांगा, कुणी नसेल तर बस्तीत मला बाजूला घेऊन सांगा. मी सोबत येईन मिरजेला. गुरुवारी मला वेळ असतो.

सर्वांना उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.